लहानपणीची गॉलीवॉग (काळ्या चेहऱ्याची, मोठ्या ओठांची कापडी) बाहुली अजून शोकेसमध्ये ठेवली तर चालेल का?

ठेवा हो, पण शोकेसमध्ये नको, पेटीत ठेवा. तुम्ही लहानपणी तिला कुशीत घेऊन झोपलात ते प्रेम खरंच होतं, त्यात तुमचा काही दोष नाही, पण बाहुली कशावरून बनली तेही बघा ना. 1895 साली फ्लोरेन्स अप्टन या बाईंनी लहान मुलांच्या पुस्तकात हे पात्र काढलं आणि ते काढलं मिन्स्ट्रेल शोच्या बाहुलीवरून, म्हणजे अमेरिकेत गोरे नट तोंडाला काजळी फासून, ओठ मोठ्ठे रंगवून काळ्या लोकांची टिंगल करायचे तो प्रकार. त्यामुळे "आम्हाला तर ती गोडच वाटायची" हे ठीक आहे, पण शाळेत ज्या काळ्या मुलाला गॉली, वॉग म्हणून चिडवलं त्याच्याही लहानपणीची आठवण हीच बाहुली आहे, त्याचं काय? ब्रिटनमधल्या रॉबर्टसन्स जॅमवाल्यांनी 1910 पासून हे चित्र वापरलं आणि 2001 मध्ये शेवटी बंद केलं.

जाळून टाका असं मी म्हणणार नाही, म्युझियममध्ये इतिहासासकट ठेवतात ते बरोबरच वाटतं मला. पण घरी येणाऱ्या जाणाऱ्याला दिसेल अशी मांडणं आणि नातवंडांना खेळायला देणं, हे नाही पटत. आणि कुणी विचारलंच तर "तेव्हा चालायचं" एवढंच सांगून मोकळं होऊ नका, वरची गोष्ट सांगा.