वाचकांचे प्रश्न : साखरेऐवजीची गोळी आणि पार्किन्सन्सची गोळी

प्रश्न : वडिलांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे, चार वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचेही निदान झाले. लेव्होडोपा-कार्बिडोपा दिवसातून चार वेळा घेतात. चहात अ‍ॅस्पार्टेमच्या गोळ्या टाकतात. त्यातल्या एका घटकामुळे पार्किन्सन्सचे औषध ‘चढत’ नाही, असे कळले. गोळ्या बंद कराव्यात का?

उत्तर : ही भीती निराधार नाही, पण तिचे मोजमाप चुकले आहे. अ‍ॅस्पार्टेम आतड्यात फुटले की निम्म्याहून थोडे अधिक फेनिलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल मिळते. लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या वाहक प्रथिनांच्या आधाराने जाते, तीच वाहक प्रथिने फेनिलअ‍ॅलनिनही वापरते. जागा तेवढीच आणि दावेदार वाढले, तर औषध मागे पडते. इथवर ऐकलेले बरोबर.

आता आकडे. साधारण २० मिलिग्रॅमच्या एका गोळीतून ११ मिलिग्रॅमच्या आसपास फेनिलअ‍ॅलनिन मिळते. २०० मिलिलिटर दुधात ते सुमारे ३०० मिलिग्रॅम असते. म्हणजे चहात ५० मिलिलिटर दूध घातले, तरी त्या गोळीच्या सहा-सात पट फेनिलअ‍ॅलनिन दुधातूनच येते, आणि दुधातली बाकीची स्पर्धक अमिनो आम्ले वेगळीच. १९९३ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात एक छोटा अभ्यास आला होता. प्रथिनयुक्त जेवणानंतर ज्यांचे औषध हमखास कमी पडते, अशाच रुग्णांना ६०० आणि १२०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम एकदम देऊन पाहिले. १२०० मिलिग्रॅमनंतर रक्तातले फेनिलअ‍ॅलनिन वाढले, पण हालचाली बिघडल्या नाहीत. ६०० मिलिग्रॅम म्हणजे अशा ३० गोळ्या. रुग्ण मोजके होते हे खरे, पण मात्राही घरात कुणी घेणार नाही एवढी होती.

तेव्हा गोळी राहू द्या, वेळ सांभाळा. लेव्होडोपा जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर एक तासाने, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. दुधाचा चहा त्याच वेळी नको. ‘शुगर-फ्री’ लिहिलेल्या पोषणपेयांकडे मात्र नीट पाहा : गोडवा कृत्रिम असला तरी एका पेल्यात दहा-दहा ग्रॅम प्रथिने असू शकतात. औषध अडते ते त्याने, आणि दोष जातो स्वीटनरवर. प्रथिने एकूण कमी करू नका, वजन आणि स्नायू दोन्ही घटतात. त्यांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात न्यायचा की नाही, हे आहारतज्ज्ञाशी बोलून ठरवा.

जेवण पुढे ढकलताना मधुमेहाकडे दुर्लक्ष होते, आणि तिथे खरा धोका आहे. जेवणापूर्वीचे इन्शुलिन टोचून झाल्यावर लेव्होडोपाची आठवण आली म्हणून ताट अर्धा तास लांबवणे घातक ठरू शकते. क्रम असा ठेवा : आधी लेव्होडोपा, अर्ध्या तासाने इन्शुलिन आणि जेवण. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर तीही जेवणाबरोबरच.

अ‍ॅस्पार्टेम ज्यांना पूर्ण वर्ज्य आहे, असा एक आजार म्हणजे जन्मजात फेनिलकीटोन्युरिया, ज्यात शरीराला फेनिलअ‍ॅलनिन नीट मोडता येत नाही. अशा व्यक्तींनी तोंडात विरघळणाऱ्या औषधी गोळ्यांचे घटकही वाचावेत. काहींमध्ये अ‍ॅस्पार्टेम असते.

प्रश्न : अ‍ॅस्पार्टेमने कर्करोग होतो, पार्किन्सन्सही होतो, असे संदेश येतात. मग सुरक्षित कोणते?

उत्तर : पार्किन्सन्स होतो याला माणसांमध्ये पुरावा नाही. कर्करोगाबाबत २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला ‘२ बी’ म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवले, कारण पुरावा मर्यादित होता. त्याच वेळी मात्रा ठरवणाऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४० मिलिग्रॅम अशीच कायम ठेवली. ६० किलोच्या माणसाला ती २४०० मिलिग्रॅम होते, वरच्या हिशोबाने १२० गोळ्या. त्याच वर्षी वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्वीटनर वापरू नका, असा सल्लाही संघटनेने दिला. पण तो आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही, हे वाक्य पुढे पाठवताना गळून जाते.

फेनिलअ‍ॅलनिनची धास्ती जातच नसेल तर सुक्रालोज किंवा स्टीव्हिया घ्या, त्यांत ते नसते. मात्र पुडीतली पूड बहुधा माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज मिसळून फुगवलेली असते, म्हणजे पुडीमागे जवळपास एक ग्रॅम कर्बोदके. एका पुडीने काही बिघडत नाही, दिवसभरात आठ-दहा झाल्या तर हिशोबात धरा. एरिथ्रिटॉल या स्वीटनरबद्दल आम्ही थोडे सावध राहू. २०२३ मध्ये रक्तातले त्याचे प्रमाण आणि हृदयविकार यांचा संबंध दिसला. त्याने कारण सिद्ध होत नाही, पण मधुमेहात हृदयाचा धोका आधीच वाढलेला असतो आणि पर्याय हाताशी आहेत.

प्रश्न : आईला लाळ गळते आणि बद्धकोष्ठताही आहे. शुगर-फ्री च्युइंगम चालेल का?

उत्तर : गम चघळताना गिळणे वारंवार होते, त्यामुळे लाळ साठत नाही. पण पाणी पिताना ठसका लागत असेल तर आधी गिळण्याची तपासणी, गम नंतर. त्यातले सॉर्बिटॉल, माल्टिटॉल हे गोडवा देणारे घटक जास्त झाले की वायू होतो, पोट फुगते, जुलाब लागतात. बद्धकोष्ठतेवर परस्पर उपाय म्हणून ते वाढवू नका. माल्टिटॉलने साखरही वाढते, साध्या साखरेपेक्षा कमी एवढेच.

प्रश्न : सासूबाई अधूनमधून थरथरतात, घाम येतो, बोलणे असंबद्ध होते. औषधाचा परिणाम ओसरला समजून आम्ही लेव्होडोपा लवकर देतो. बरोबर आहे का?

उत्तर : आधी बोटाला टोचून साखर पाहा. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड सुरू असेल तर साखर उतरल्याची लक्षणे अगदी अशीच दिसतात. कंपासाठी प्रोप्रॅनोलॉल असेल तर धडधड आणि थरथर दबते, घाम मात्र येतो. आकडा ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढेच. पार्किन्सन्समध्ये जठर सावकाश रिकामे होते, म्हणून दुसऱ्यांदा द्यावे लागले तर घाबरू नका. डाएट पेय किंवा शुगर-फ्री गोळीचा इथे शून्य उपयोग. मधुमेहाची अ‍ॅकार्बोज ही गोळी चालू असेल तर साध्या साखरेनेही वेळेत भागत नाही, ग्लुकोजच हवे. शुद्ध हरपली असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर झोपवा आणि रुग्णवाहिका बोलवा. घरात स्वीटनरचा आणि ग्लुकोजचा डबा शेजारी ठेवू नका. घाईत अदलाबदल होते.