पेशंट गेला आणि मला काहीच वाटलं नाही

‘मॅडम, पेशंट गेला आणि मला काहीच वाटलं नाही. मी निगरगट्ट झालेय का?’ मनावरच्या ताणाबद्दल बोलायला माझ्याकडे येणारे बरेच डॉक्टर ही भीती बोलून दाखवतात. त्यांतल्याच एका फिजिशियनची ही हकिगत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती अतिदक्षता विभागात काम करते. तिथे एका तरुण रुग्णाला वाचवता आलं नाही. नातेवाइकांना तसं सांगून ती आत आली आणि लगेच शेजारच्या बेडचे रिपोर्ट बघू लागली. घरी गेल्यावरही रडू आलं नाही. पुढे दोन-तीन दिवसांनी साध्या तापाच्या रुग्णाने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर ती त्याच्यावर खेकसली. त्याचा पडलेला चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

झोप, भूक, जगणं नकोसं वाटणं, हे मी आधी विचारून घेते. तसं काही असतं, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तिच्या बाबतीत थकवा होता आणि कामाबद्दल तुटलेपण होतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने पुरतं थकून जाण्याची, जी लक्षणं मान्य केली, त्यांत ही दोन्ही येतात. संघटना बर्नआउटला आजार म्हणत नाही, त्याचा संबंध कामाच्या ठिकाणच्या न सुटलेल्या ताणाशी जोडते. हे ऐकून तिला हायसं वाटलं. बंद पडलेलं हृदय सुरू करायला छातीवर दाब देत असताना भावना बाजूला ठेवाव्याच लागतात. त्यांच्याकडे परत वळायला तिला सवडच मिळाली नव्हती.

माइंडफुलनेसचं, म्हणजे या क्षणी जे घडतंय त्याकडे सजगपणे लक्ष देण्याच्या सरावाचं, नाव काढताच ती म्हणाली, ‘डोळे मिटून बसायला वेळ कुठाय? आणि डोळे मिटले की मॉनिटरच ऐकू येतो.’ तिचं खरं होतं. अमेरिकी प्राध्यापक जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये सुरू केलेला माइंडफुलनेसचा 8 आठवड्यांचा कार्यक्रम चांगलाच आहे, पण तिला ड्युटीवर असताना जमेल असं काहीतरी हवं होतं.

रुग्णाला हात लावण्याआधी ती सॅनिटायझर चोळतेच. नीट चोळायला 20 ते 30 सेकंद लागतात. तेवढा वेळ लक्ष फक्त हातांवर ठेवायचं: तळव्याचा गारवा, बोटांच्या बेचक्या, अंगठा. मग मनात विचारायचं, ‘मागच्या बेडवरून मी काय घेऊन आले?’ राग, धसका, अपराधीपणा, जे असेल त्याचं नाव घ्यायचं आणि पुढच्या बेडचा पडदा सारायचा. शांत वाटलंच पाहिजे अशी अट नाही.

काही आठवड्यांनी तिच्या लक्षात आलं की नातेवाइकांच्या खोलीकडे वळताना तिचा जबडा आवळला जातो. एकदा हात चोळता चोळता डोळेही भरून आले. रुग्णासमोर कोसळू अशी तिची भीती होती. तसं झालं नाही. डोळे पुसून तिने रुग्ण तपासला आणि त्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं.

लागोपाठच्या रात्रपाळ्या निमूट सोसता याव्यात म्हणून मी हे कुणाला शिकवत नाही, आणि तिलाही ते स्पष्ट सांगितलं. डॉक्टरांचा कणखरपणा मोजत बसायचं आणि ड्युटीचा तक्ता तसाच ठेवायचा, याची मला चीड येते. तिने दोन सहकाऱ्यांना घेऊन विभागप्रमुखांची भेट घेतली. रुग्ण दगावल्यावर संबंधित डॉक्टरचा फोन दहा मिनिटं दुसऱ्याने सांभाळायचा, हे मान्य झालं. रात्रपाळ्या कमी करण्याचा अर्ज अजून पडून आहे, आणि तिघं त्याचा पाठपुरावा करताहेत.