पोटात बाळ आणि डोळ्याला डोळा नाही, नुसतं बोलून झोप येते का?

"ताई, गोळी मला घ्यायची नाहीये आणि नुसतं बोलून झोप येते हे काही पटत नाही, पण डॉक्टर जा म्हणाल्या म्हणून आले."

हे तिचं पहिलंच वाक्य. मला आवडलं खरं तर, कारण मी झोप न येणाऱ्यांवर गोळीशिवाय, बोलून आणि सवयी बदलून उपचार करते, आणि गरोदरपणात झोपेसाठी येणारी जवळजवळ प्रत्येक बाई हा प्रश्न मनात घेऊनच येते, तोंडावर विचारणारी एखादीच.

तिला आपण मधुरा म्हणू, नाव आणि बाकीचे तपशील बदललेत. वय ३१, ठाण्यात राहते, बँकेत नोकरी, सहावा महिना. चार महिने झोपेचं खोबरं झालेलं. दोन जिवांची आहेस लवकर झोप असं सगळे सांगतात म्हणून साडेनऊलाच अंथरुणावर, मग बारापर्यंत या कुशीवरून त्या कुशीवर, दोनला बाथरूमला उठलं की चारपर्यंत डोळे टक्क उघडे, आणि सात वाजता उठताना अंग कुटून काढल्यासारखं. आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री असं होत असेल आणि तीन महिने उलटले असतील तर आम्ही त्याला निद्रानाश धरतो. सात प्रश्नांची एक प्रश्नावली असते, २८ पैकी गुण, तिला १९ पडले, म्हणजे बऱ्यापैकी त्रास.

आधी मी तिला परत गायनॅककडेच धाडलं. पाय वळवळतात का, घोरणं वाढलंय का, रात्री तळहात-तळपायांना खाज येते का, हे बघून घ्यायलाच लागतं, कारण लोह कमी असेल किंवा यकृताचा काही त्रास असेल तर माझ्याशी तासभर बोलून काय होणार. तिचं सगळं ठीक निघालं, फक्त ॲसिडिटी, ती रात्रीचं जेवण साडेसातला घेतल्यावर बरीच कमी झाली.

मग झोपेची डायरी. आठवड्याने आम्ही दोघींनी मिळून बेरीज केली, अंथरुणात साडेनऊ तास आणि झोप पाच तास. उरलेले साडेचार तास ती रोज अंथरुणात पडून जागं राहायची प्रॅक्टिसच करत होती म्हणा ना. गादी दिसली की तिचं डोकं झोपेला नाही, धडपडीला तयार व्हायचं. म्हणून मी सांगितलं, साडेअकराच्या आधी पडायचं नाही, सहाला उठायचं, दुपारी डुलकी हवीच तर वीस मिनिटं आणि तीनच्या आत. झोप येत नाहीये असं वाटलं की उठून दुसऱ्या खोलीत जायचं, घड्याळ बघायचं नाही, पेंग यायला लागली की परत. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही, अंथरूण फक्त झोपेसाठी हा नियम रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडला, तेव्हापासून चालतोय. एरवी मी अंथरुणातला वेळ याहून जास्त कापते, पण गरोदर बाईच्या बाबतीत तेवढं ताणत नाही, आणि फिट्स येतात किंवा बायपोलरचा, म्हणजे मूड टोकाचा वर-खाली होण्याच्या आजाराचा, इतिहास आहे अशांना तर हे करूच देत नाही. त्यामुळे वाचून आपापलं घरी सुरू करू नका.

तिची आई अलिबागहून राहायला आलेली, ती माझ्यावर जाम वैतागली. फोनच आला, "अहो ताई, पोटुशी बाईला कोणी जागवतं का?" त्यांचंही खरंच होतं, म्हणून त्यांनाच कामाला लावलं, रात्री साडेअकरापर्यंत हिला गप्पांत धरून ठेवायची ड्युटी तुमची. आणि दोन वाजता उठल्यावर काय करायचं तर मोबाइल नाही, काहीतरी हाताचं, कंटाळवाणं. आईने मोड आलेले कडवे वाल भिजवून ठेवायला सुरुवात केली. आता ज्यांनी वाल सोललेत त्यांना माहितीये, एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा, साल सुटतं, डाळिंबी वाटीत टपकन पडते, दहा मिनिटांत जीव पेंगुळतो. दुसऱ्या आठवड्यात नवरा म्हणाला, झोपेचं बघू नंतर, आधी हे रोजचं बिरडं बंद करा.

पण झोप म्हणावी तशी सुधारेना. इथे चूक माझी होती. मी वेळापत्रकात इतकी रमले की दोन ते चार ती नेमकं काय करते हे नीट विचारलंच नाही. तिसऱ्या भेटीत सहज बोलता बोलता निघालं, ती पोटावर हात ठेवून बाळ हलायची वाट बघत बसायची. दोन वर्षांपूर्वी दहाव्या आठवड्यात गर्भपात झालेला, रात्री झोपेतून उठली तेव्हा ब्लीडिंग सुरू होतं. तेव्हापासून तिच्या हिशोबात झोपणं म्हणजे पहारा सोडणं. हे बाहेर आलं तेव्हा रडली, मीही थोडी थांबले, त्या दिवशी डायरी उघडलीच नाही.

पुढच्या दोन भेटी याच्यावर. तू जागी राहिली असतीस तर तेव्हा काय थांबलं असतं, हे तिने स्वतःच लिहून काढलं आणि स्वतःच खोडलं. संध्याकाळी सहाला पंधरा मिनिटं काळजीची वही, रात्रीची काळजी उद्याच्या पानावर. बाळाच्या हालचालींसाठी डॉक्टरांनी सांगितलेली जेवणानंतरची ठरावीक वेळ, आणि हालचाल कमी वाटली तर वही-बिही काही नाही, तडक हॉस्पिटलला फोन. डाव्या कुशीचंही भूत होतं, पाठीवर वळले तर बाळ गुदमरेल म्हणून उशांचा कोट रचून झोपायची. २८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर पडावं हे बरोबर, पण उजवी कूसही चालते, आणि जाग आली तेव्हा पाठीवर असलीस तर वळ आणि झोप, एवढंच.

बोलून झोप येते का, तर बऱ्याच जणींना येते, सगळ्यांना नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रेचल मॅनबर यांनी याच उपचाराचा गरोदर बायकांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये आला, पाच भेटी, त्यात ६४ टक्के जणींचा निद्रानाश गेला, आणि नुसत्या तुलनेसाठी दिलेल्या उपचाराने ५२ टक्के. म्हणजे जादू नाही, पण फायदा आहे. आणि गोळी कधीच नको असंही मी म्हणत नाही, ते डॉक्टर आणि ती बाई ठरवतील, उदासी खोल असेल तर औषध टाळणंच महागात पडतं.

शेवटच्या भेटीला ती माहेरी गेली होती, व्हिडिओ कॉलवर बोललो. गुण १९ वरून ८. बाथरूमला दोनदा उठतेच, आठवड्यात एखादी रात्र वाईट जाते. "काल दोनला जाग आली ताई, वाल घ्यायला किचनमध्ये गेले तर आईने भिजवलेच नव्हते," म्हणाली, "मग काय, जाऊन झोपले."