तासातासाचा आकडा माग

काल रात्रीचा तुझा मेसेज दोनदा वाचला. कारखान्याच्या प्रदूषणाबद्दलच्या मीटिंगमध्ये कंपनीवाल्यांनी 'सगळं मर्यादेत आहे' म्हणून चकचकीत रिपोर्ट दाखवला, शेजारचे काकाच उठून म्हणाले की पोरांच्या नोकऱ्या घालवायच्यात का, आणि आता तुलाच वाटायला लागलंय की आपलंच कायतरी चुकतंय. नाही चुकत. कारखाना बंद करा असं तुझ्या पत्रात कुठंच नाहीये, हवेत किती प्रदूषण होतंय त्याचा तू आकडा मागितलायस.

पण कुठला आकडा, इथंच सगळे फसतात. मीही फसलो. आम्हाला प्लांट फिरवून दाखवला, हेल्मेट घालून फोटो काढले, जाताना हातात महिन्याची सरासरी दिली आणि आम्ही खुशीत घरी आलो. सरासरी! साधा हिशोब कर ना, 22 तास धुळीचा आकडा 20 आणि रात्रीचे दोन तास 300, तरी दिवसाची सरासरी 43च येते, आणि दम्याचा माणूस त्या दोन तासांतच उठून बसलेला असतो. म्हणून तासातासाचा आकडा माग. 'मर्यादेत आहे' हा काही आकडा झाला नाही.

चिमणीवर सतत मोजणारं यंत्र असेल तर कच्चा डेटा त्यांच्याकडे असतोच. यंत्र कधी बंद होतं, प्लांट सुरू-बंद करतानाचे तास धरलेत का, हेही विचार. आणि उघड्या ढिगाऱ्यांची धूळ, व्हॉल्व्हमधली गळती चिमणीतून जातच नाही, त्यामुळे कुंपणापाशी, वाऱ्याच्या दिशेला वेगळं मोजलंय का? तेही तासातासाचं.

आणि हे मागताना मान खाली घालू नकोस. 1984 ला भोपाळ झालं, त्यानंतर 1986 मध्ये अमेरिकेत कायदाच आला की कारखान्यांनी कुठलं विषारी रसायन किती सोडलं ते दरवर्षी जाहीर करायचं. एवढी माणसं गेल्यावर मिळालेला हक्क आहे हा, उपकार नाही.

माझी वही 11 महिने चालली. पहाटे खिडकीच्या कठड्यावरून ओला फडका फिरवायचा, काळी भुकटी बोटांना चिकटायची, मग तारीख, वेळ, वास कसला, वारा कुठून, सगळं लिहायचो. मग ते म्हणाले फिल्टर बसवतोय आणि मी वही थांबवली. दोन वर्षांनी कुणीतरी विचारलं, फरक पडला का? माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. तेव्हा जोरात भांडलो नाही म्हणून लोक अजून बोलतात, पण माझा भाऊ तिथंच कामाला होता, घर त्याच्यावर चालायचं, त्यात मला आजही चूक वाटत नाही. वही थांबवायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं, ते माझं मीच केलं.

काकांशी वाद घालू नकोस, त्यांचा मुलगा त्या हवेत आठ तास उभा असतो, तासातासाचा आकडा त्यालाही हवाच आहे, हे त्यांना घरी जाऊन शांतपणे सांग. आणि मागणी तोंडी नको, लेखी पत्र दे, पोच घे, पोचेचा फोटो मला आजच पाठव.