‘सेल’चं मराठी करताना
जीवशास्त्राचं भाषांतर नव्यानं हाती घेतलं आहेस, तर आधी इंग्रजी ‘सेल’, म्हणजे मराठीतली ‘पेशी’, सजीवाच्या शरीराचा सर्वात लहान घटक, हा शब्द नीट समजून घे. लॅटिन ‘सेला’ म्हणजे छोटी खोली. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानं बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्यात खेटून असलेल्या रिकाम्या खोल्या दिसल्या आणि हे नाव पडलं. खरं तर त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती होत्या! जर्मन ‘त्सेले’, फ्रेंच ‘सेल्यूल’ त्याच घराण्यातले. आपली ‘पेशी’ मात्र संस्कृतातली, मूळ अर्थ मांसाचा गोळा. घोळ होतो तो हिंदीवरून मराठी करताना. तिथं सेल म्हणजे ‘कोशिका’ आणि ‘पेशी’ म्हणजे स्नायू. म्हणून ‘मांसपेशी’ दिसली की ‘स्नायू’च लिही, ‘कोशिका भित्ति’ला ‘पेशीभित्तिका’. शंका आली तर शेजारची आकृती बघ.