शिफ्ट ड्युटी असताना घरमालकाची पाहणी आणि दुरुस्तीची कामं कशी जमवायची?

प्रश्नात तुम्ही म्हणता की ड्युटी फिरत्या शिफ्टची आहे, बाथरूमच्या मागच्या भिंतीला ओल आली आहे आणि घरमालक आदल्या रात्री ‘उद्या अकराला माणूस येईल’ एवढंच कळवतात. सुट्टी घेऊन थांबलं तरी काम होत नाही, आणि वर ‘मला घर एकदा बघायचं आहे’ हे वेगळंच.

माझं मत असं की वेळ जुळवण्याआधी फेऱ्या कमी करा. तुमच्या सुट्ट्या कामात जात नाहीत. त्या जातात ‘बघून जातो’, ‘सामान आणतो’ आणि ‘अजून ओलं आहे, परवा येतो’ या तीन फेऱ्यांत. आणि या तिन्ही बऱ्याच अंशी टाळता येतात.

पहिली फेरी टाळायची तर गळती कुठली आहे ते तुम्हीच शोधून ठेवा. त्याला कारागीर लागत नाही आणि हे शिफ्टप्रमाणे करता येतं. ड्युटीला निघताना सगळे नळ बंद करा, फ्लशची टाकी भरू द्या आणि पाण्याच्या मीटरचा फोटो काढा. परत आल्यावर पुन्हा काढा. घरात कुणी नसताना आकडा पुढे सरकला असेल तर दुसऱ्या दिवशी फ्लशचा अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा कॉक) बंद करून हेच करा, कारण टाकीतून कमोडमध्ये झिरपणारं पाणीही मीटर फिरवतं. तरीही आकडा सरकला, तर गळती दाबाच्या पाइपात, म्हणजे नळांना पाणी आणणाऱ्या पाइपात आहे. पाणी सामायिक टाकीतून येत असेल तर मीटरचा उपयोग नाही. अशा वेळी रोज निघताना बाथरूमचा मुख्य कॉक बंद करून जा आणि तीन-चार दिवसांत ओल मागे हटते का ते बघा.

दाबाच्या पाइपात काही नसेल तर उरतात फरशीवरची पाणी जायची जाळी, सांडपाण्याचा पाइप आणि टाइल्सचे सांधे. फरशी कोरडी ठेवून नळीने थेट जाळीत दोन-तीन बादल्या पाणी सोडा. ओल वाढली तर दोष नहाणी ट्रॅपमध्ये (जाळीखालचं, थोडं पाणी धरून ठेवणारं भांडं) किंवा त्याच्या खाली. नाही वाढली तर दोन दिवसांनी जाळीचं तोंड बंद करून फरशीवर बोटाच्या पेराएवढं पाणी काही तास साठवा (खाली कुणी राहत असेल तर त्यांना आधी सांगा). त्यानंही फरक पडला नाही, तर भिंतीवर शॉवर मारून बघा. दोन चाचण्या एका दिवसात करू नका. पाणी भिंतीतून बाहेर दिसायला चोवीस तासही लागतात, आणि मग ओल कशानं वाढली ते कळत नाही. ओलीच्या कडेनं पेन्सिलची रेघ मारून शेजारी तारीख लिहीत चला. अशा तीन-चार रेघांचा फोटो प्लंबरला जेवढं सांगतो तेवढं फोनवरचं अर्ध्या तासाचं बोलणं सांगत नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून तपासा: बाथरूमचा कॉक पूर्ण बंद होतो का. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक अडकतो किंवा बंद करूनही पाणी टिपकत राहतं. मग सगळ्या इमारतीचं पाणी बंद करायला परवानगी लागते आणि प्लंबर आल्यापावली परत जातो. हे आधी कळलं तर पाणी बंद ठेवण्याची वेळ घरमालकांना ठरवून घेता येते. जोर लावून मात्र फिरवू नका, जुन्या कॉकचा दांडा तुटतो.

सामानाचंही तसंच. नळाचा, सांध्याचा आणि गीझर असेल तर त्यावरच्या माहितीच्या पट्टीचा फोटो पाठवा. एक फोटो लांबून, एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. एका दांडीच्या मिक्सर नळातलं कार्ट्रिज, म्हणजे पाणी चालू-बंद करणारा आतला भाग, बहुतेक वेळा 35 किंवा 40 मिमीचं असतं. चुकीच्या मापाचं आणलं तर बसतच नाही, आणि तेवढ्यासाठी आणखी एक दिवस जातो. ‘नळ गळतो’ याऐवजी ‘बंद केल्यावर तोंडातून थेंब पडतात’ किंवा ‘चालू असताना दांडीखालून पाणी येतं’ असं लिहा. दोन्हींची दुरुस्ती वेगळी आहे.

आता वाळण्याच्या वेळा. कामाचं वेळापत्रक ठरतं ते यांच्यावर. टाइल्सचे सांधे खरवडून ग्राउट (सांध्यांत भरायचा मसाला) भरायचं असेल तर सांधे आतून कोरडे हवेत, म्हणजे आदल्या संध्याकाळपासून आंघोळ नाही. भरल्यावर निदान 24 तास पाणी नको. सिलिकॉनवर दहा-वीस मिनिटांत साय धरते, म्हणून ते वाळल्यासारखं वाटतं. पण आत ते दिवसाला साधारण 2 ते 3 मिमी एवढंच पिकतं. जाड पट्टी असेल तर दोन-तीन दिवस थांबा. फरशी उखडून वॉटरप्रूफिंग होणार असेल तर सहसा दोन हात, मध्ये काही तासांचं अंतर (नेमकं डब्यावर असतं), मग पूर्ण पिकू द्यायचं आणि त्यावर निदान 24 तास पाणी साठवून चाचणी. ही चाचणी टाइल्स बसवण्याआधी झाली पाहिजे, आणि नेमकी हीच घाईत गाळली जाते. त्यावर ठाम राहा.

या वाळण्याच्या वेळा तुमच्या ड्युटीवर टाका. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम, लगेच पुढच्या दिवसांत ड्युटी, तेवढ्यात ग्राउट पिकतं. अर्थात त्या दिवसांत आंघोळीची सोय कुठे, ते आधीच बघून ठेवा. भिंतीला रंग सगळ्यात शेवटी. ओल्या भिंतीवर पुट्टी मारली की काही आठवड्यांत पापुद्रे सुटतात. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावा. दिवसभरानं त्याच्या आत दव दिसलं तर रंगाऱ्याला बोलवायची वेळ झालेली नाही.

वेळ ठरवताना ‘मला जमणार नाही’ एवढंच कधीही लिहू नका. तुम्ही दुरुस्ती अडवली असा त्याचा अर्थ निघतो, आणि पुढे नुकसान वाढलं तर बोट तुमच्याकडे येतं. नकार आणि पर्याय एकाच निरोपात द्या, आणि लेखी द्या:

‘नमस्कार काका, उद्या अकराला मी रात्रपाळी करून झोपलेलो असेन, त्यामुळे जमणार नाही. गुरुवारी सकाळी 8 ते 10, शुक्रवारी दुपारी 4 ते 6 किंवा रविवारी पूर्ण दिवस चालेल. काम: नहाणी ट्रॅपचा सांधा. फोटो सोबत आहेत. कॉक पूर्ण बंद होतो. कुठली वेळ नक्की ते आज रात्रीपर्यंत कळवा, आणि माणूस आला नाही तर रविवार धरूया.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. पर्यायी दिवस आधीच ठरलेला असला की पुन्हा विचारणा करण्यात आठवडा जात नाही. रोस्टर हातात येईल तेव्हा मोकळ्या वेळा लगेच कळवून टाका. कारागिराची दिवसातली पहिली वेळ मागा, कारण आधीच्या घरातला उशीर दुपारनंतरच्या कामांवर साठत जातो. रात्रपाळीच्या दिवसांत छोटं काम परतल्या परतल्या सकाळी घ्या. तोडफोडीचं काम मात्र सुट्टीच्या दिवशीच. अर्धवट झोपेत फोडलेल्या भिंतीवर लक्ष ठेवता येत नाही.

तुम्ही नसताना काम होऊ द्यायचं का? नळ बदलण्यासारखं असेल तर होऊ द्या, पण घरमालक स्वतः किंवा तुमच्या ओळखीचं कुणी हजर असावं, आणि परवानगी ‘अमुक तारीख, अमुक वेळ, फक्त बाथरूम’ अशी लिहून द्या. बाकीच्या खोल्या बंद करा, निघताना बाथरूमचा छोटा व्हिडिओ काढा. भिंत फोडायची असेल तर पाइप उघडा पडल्यावर एकदा आणि बुजवण्याआधी एकदा व्हिडिओ कॉल करायला सांगा. शक्य असेल तर सांधा रात्रभर उघडाच ठेवा, त्याखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवा आणि पाणी चालू राहू द्या. सकाळी कागद कोरडा असेल तरच गवंड्यानं प्लास्टर करावं.

पाहणी वेगळ्या दिवशी ठेवूच नका. काम संपण्याच्या सुमाराला घरमालकांना बोलवा. काम तपासून होतं आणि घरही बघून होतं, अर्धा तास पुरतो. काय बघायचं आहे ते आधी विचारून घ्या, म्हणजे कपाटामागची भिंत बघायची असेल तर कपाट सरकवून ठेवता येईल. किती आधी कळवायचं याबद्दल करारात काय आहे ते वाचा. काहीच नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी निदान 24 तास आधी लेखी सूचना, कारण आणि दोन तासांची वेळ, एवढं घालून घ्या.

गॅसचा वास, फुटलेला पाइप, ठिणग्या किंवा जळका वास असेल तर यातलं काहीच लागू नाही. तेव्हा तुम्ही ड्युटीवर असलात तरी कुणीतरी आत जाऊ शकलं पाहिजे. म्हणून एक किल्ली विश्वासाच्या माणसाकडे सहीच्या बंद पाकिटात ठेवा, आणि पाण्याचा मुख्य कॉक, विजेचा मेन स्विच आणि गॅसचा व्हॉल्व्ह कुठे आहेत याचे तीन फोटो त्या माणसाला आणि घरमालकांना आजच पाठवून द्या.