पहिला गठ्ठा तपासताना

मॅडम, एम.ए.चे प्रकल्प पहिल्यांदाच तपासताय, तर लाल पेन आधी बाजूला ठेवा. ऱ्हस्व-दीर्घ काढण्यात रात्र जाते आणि मुद्दा पोकळ आहे हे लक्षातच येत नाही. मी पहिली दोन वर्षं हेच केलं.

प्रस्तावना आणि निष्कर्ष लागोपाठ वाचा. प्रश्न यंत्रमाग कामगारांच्या मजुरीचा आणि शेवट सोलापुरी चादरीच्या कौतुकात, असं आपल्याकडे सर्रास होतं. मग मधलं एखादं पान उघडून प्रत्येक वाक्याला 'कशावरून?' विचारा. '१९३० साली सोलापुरात मार्शल लॉ होता' ही नोंद झाली, संदर्भ दिला की संपलं. 'त्यामुळे शहराचं राजकारण कायमचं बदललं' हा दावा आहे. तिथं पुरावा आणि युक्तिवाद दोन्ही हवेत. गुण तिथेच द्यायचे.

उचलेगिरी शोधणारं सॉफ्टवेअर इतर लेखनाशी साम्याचे जे टक्के दाखवतं, त्यांवर विसंबू नका. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, पण शब्द बदलून उचललेली कल्पना सॉफ्टवेअरला सहसा दिसत नाही. शंका आली तर पोराला समोर बसवा, त्याचाच परिच्छेद तोंडी समजावायला सांगा. पाच मिनिटांत कळतं.

घरी तेलुगू-कन्नड बोलणारी मुलं वर्गात असतातच. वाक्य अडखळलं म्हणजे विचारही अडखळला, असं धरू नका.